पुस्तकाबाहेरचं रान

थिओडोर कुक मूळचे इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या झाडाझुडपांचा ग्रंथ सिद्ध केला. पहिला भाग १९०१ मध्ये निघाला, शेवटचा १९०८ मध्ये. पश्चिम महाराष्ट्रात एखादं अनोळखी रोप हाती आलं की वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आजही कुक उघडतो. पानं समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, असे दोन-दोन पर्याय समोर ठेवत पुस्तक त्याला पायरी पायरीनं एका नावापाशी नेऊन सोडतं. अशा मांडणीला किल्ली म्हणतात.

टेंभुर्णीच्या शिवारासाठी मात्र ही किल्ली केलेलीच नव्हती. टेंभुर्णी म्हणजे जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरकडची नव्हे. कुक लिहीत होते तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. पूर्वेला लागून बुलढाणा, म्हणजे वऱ्हाड. तोही मुंबई इलाख्याबाहेर. हूकरचा सात खंडांचा 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' १८९७ मध्ये पुरा झाला होता, पण अख्ख्या देशाचा पसारा मांडणाऱ्या त्या ग्रंथात औरंगाबादेकडच्या एका माळरानाला किती जागा मिळणार? संस्थानाच्या हद्दीवर पुस्तक थांबलं. तणं थांबली नाहीत.

गावाचं नाव विडी वळायच्या पानांच्या झाडाचं. त्या टेंभुर्णीला विल्यम रॉक्सबर्गनं १७९५ मध्ये डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन असं शास्त्रीय नाव दिलं. झाड अस्सल इथलं. पण या भागातल्या कुठल्याही गावच्या बांधानं चालत निघालं तर इथलं किती आणि पाहुणं किती, हा हिशेब भलताच निघतो. काटेरी पिवळा धोतरा मेक्सिकोकडचा. खरचटल्यावर जिचा पाला चोळतात ती एकदांडी मध्य अमेरिकेतली. घाणेरी, ओढ्याकाठची बेशरम, वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प अशी रांगच्या रांग अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातून आलेली. शेतात मका, मिरची, कपाशी. परसात पेरू, पपई, सीताफळ. ठेच्यातली मिरची तिकडची आणि ठेच्यात घातलेले शेंगदाणेही तिकडचेच. भाकरीची ज्वारी तेवढी अमेरिकेची नव्हे. रस्त्याकडेला क्रोटॉन बॉनप्लँडियानस नावाचं एक फुटकळ झुडूप उगवतं, त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या नावात हंबोल्टचा सोबती बॉनप्लाँ आहे. १७९९ ते १८०४ या काळात या दोघांनी दक्षिण अमेरिका पालथी घातली होती. पुढे हाच बॉनप्लाँ पराग्वेच्या हुकूमशहाच्या तावडीत सापडला आणि जवळजवळ दशकभर अडकून पडला. तण त्याच भागातलं.

या सगळ्या वनस्पतींना नावं कशी मिळाली आणि ती नावं इथवर पोचायला किती काळ गेला, याचा इतिहास सरळ रेषेत जात नाही. वनस्पती आधी येते. तिचं नाव मागून येतं, कधी शे-दोनशे वर्षांनी, आणि काही वेळा चुकीचं येतं. चुकीची किंमत मोजणारा शेतकरी बहुधा नाव देणाऱ्यापासून हजारो कोस दूर असतो.

सुरुवात तिकडूनच करायला हवी. स्पेनचा राजा दुसरा फेलिपे यानं १५७० मध्ये आपला वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याला मेक्सिकोत धाडलं. तिकडच्या औषधी वनस्पती धुंडाळून त्यांची नोंद करायची, हे काम. १५७७ पर्यंत एर्नांदेसनं तीन हजारांवर वनस्पतींची वर्णनं जमवली. चित्रं स्थानिक चित्रकारांनी काढली, गुण स्थानिक वैद्यांनी सांगितले आणि नावं नावाटल या तिथल्या भाषेतली. त्या भाषेत नावं नुसती चिकटवलेली नसत. एका जातीच्या झाडांच्या नावांना शेपूट सारखं असे, त्यामुळे नाव ऐकूनच झाड कुठल्या गोतावळ्यातलं ते कळे. टोमॅटो आणि चिली हे शब्द याच भाषेतून जगभर गेले. एर्नांदेसचे मूळ खंड १६७१ मध्ये एस्कोरियलच्या आगीत जळाले. जे उरलं ते नकलांमधून आणि संक्षेपांमधून. अमेरिकेच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी अशी राख झाली, आणि पुढच्या माणसांना बऱ्याच गोष्टी पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागल्या.

पुढचा माणूस म्हणजे स्वीडनचा कार्ल लिनिअस. हा गृहस्थ उष्ण कटिबंधात कधी गेला नाही. लॅपलंड, हॉलंड, थोडं इंग्लंड-फ्रान्स, एवढाच त्याचा प्रवास. त्याच्याकडे येत ती वाळवलेली रोपं, श्रीमंतांच्या बागांतली झाडं आणि इतरांची पुस्तकं. त्यांच्या जोरावर १७५३ मध्ये त्यानं 'स्पीशीज प्लांटारम' छापलं, सुमारे सहा हजार वनस्पतींचं. प्रत्येकीला दोन शब्दांचं नाव, पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. वनस्पतींच्या नावांचा कायदेशीर आरंभ जगभर याच पुस्तकापासून मोजतात. पिवळा धोतरा, एकदांडी, घाणेरी, सीताफळ, पेरू, पपई, काजू, मका, मिरची आणि गाजर गवत, या सगळ्यांची बारशी त्या एका ग्रंथात झाली. गाजर गवताचं पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव जमैकाकडच्या झाडावरून पडलं. तेव्हा पुण्यात पेशवे नांदत होते आणि गाजर गवत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

लिनिअसच्या टेबलावरच्या पुस्तकांत एक मोठं पुस्तक आपल्या किनाऱ्याचं होतं. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे यानं कोचीनमध्ये बसून करवून घेतलेलं 'होर्तुस मलबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. रेडेला झाडांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसे रंगभट, विनायक पंडित आणि अपू भट हे तीन कोकणी भाषक वैद्यही होते. पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून गोवा सोडलेली अनेक सारस्वत घराणी त्या काळी कोचीनला स्थायिक झाली होती. या तिघांनी १६७५ मध्ये आपण महानिघंटूच्या आधारे माहिती सांगितल्याचं साक्षपत्र लिहून दिलं. ते पहिल्या खंडात जसंच्या तसं, नागरी अक्षरांत छापलेलं आहे. कोकणी भाषा नागरीत छापली गेल्याचं हे फार जुनं उदाहरण. चित्रांवरही रोमन, मल्याळी आणि अरबी अक्षरांशेजारी नागरीत नाव कोरलेलं दिसतं.

या ग्रंथात पपई आहे, पेरू आहे, काजू, अननस आणि सीताफळही आहे. म्हणजे मलबारची म्हणून जी झाडं युरोपला गेली, त्यांतली काही मुळात अमेरिकेची होती आणि दीडेकशे वर्षांत इथे अशी रुळली होती की वैद्यांनी ती आपल्याच झाडांबरोबर सांगून टाकली. कुठली वनस्पती कधी आली हे ठरवायला अशी पुस्तकं फार कामाची. गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं, त्यात काजू नाही. क्रिस्तोबाल आकोस्ताच्या १५७८ च्या पुस्तकात तो कोचीनच्या बागांत उभा आहे. पुस्तकात नाही म्हणजे देशात नव्हताच असं होत नाही, हे खरं. तरी कोकणच्या काजूची जन्मतारीख शोधणाऱ्याला यापेक्षा चांगला धागा मिळत नाही.

सीताफळाचं प्रकरण इतकं सोपं नाही, आणि ते मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचं आहे. बालाघाटच्या डोंगरात ते आपोआप उगवल्यासारखं माजतं, धारूरचं सीताफळ प्रसिद्ध आहे, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं रानात मुरलेलं, त्यातून रामायणातलं नाव. ते परदेशी कसं असेल? पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनाही तसंच वाटलं. भारहुतच्या स्तूपावर त्यांनी १८७९ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात शिल्पातलं एक खवल्यांचं फळ सीताफळ म्हणून ओळखलं. स्तूप ख्रिस्तपूर्व काळातला. जाफराबादच्या उत्तरेला ज्यांच्या रांगा दिसतात त्या अजिंठ्याच्या डोंगरातल्या लेण्यांतही सीताफळ चितारलंय, असंही सांगितलं गेलं.

जिनिव्हाच्या आल्फोन्स द कांदोल यानं लागवडीच्या वनस्पतींच्या मूळ स्थानांवर लिहिताना सीताफळाला अमेरिकेचं ठरवलं. त्याची रीत साधी होती. झाडाचे रानटी भाऊबंद कुठे राहतात ते पाहायचं. ॲनोना या प्रजातीत दीडशेवर जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक सगळ्या अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात, मोजक्या आफ्रिकेत. हिंदुस्थानात एकही रानटी नाही. इथे सीताफळ जन्मलं असतं तर एखादा चुलत भाऊ तरी सह्याद्रीत सापडायला हवा होता. शिल्पातलं खवल्यांचं गोल फळ फणसही असू शकतं, कदंबाचं फूलही, कमळाचा गड्डाही. पान, फूल आणि बी हाती नसताना दगडावरून जात ठरवणं धाडसाचं. २००९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या टोकवा इथल्या उत्खननात सापडलेल्या जळक्या बीवरून कोलंबसपूर्व सागरी संपर्काची शक्यता पुन्हा मांडली गेली, त्यामुळे वाद पुरता मिटलाय असं कुणी म्हणू नये. माझा कौल द कांदोलच्या बाजूनं आहे.

गंमत अशी की आपल्या लोकांनी या कुळाची वर्गवारी लिनिअसइतकीच अचूक केली. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ. चारही फळं अमेरिकेहून वेगवेगळ्या वेळी आलेली, चव-रंग निराळे, तरी लोकांनी त्यांना एका घरात बसवलं. लिनिअसच्या पद्धतीतही ती एकाच प्रजातीत येतात. घर अयोध्येचं निवडलं, एवढाच फरक.

ओळख चुकली की काय होतं, ते निवडुंगाच्या हकिकतीत दिसतं. फड्या निवडुंग अमेरिकेचा. त्याच्यावर वाढणाऱ्या एका बारीक किड्यापासून किरमिजी रंग निघे, आणि त्या रंगाच्या धंद्यावर स्पेननं शतकानुशतकं मूठ आवळून धरली होती. ईस्ट इंडिया कंपनीला तो धंदा हवा होता. मद्रासचा डॉक्टर जेम्स अँडरसन १७८६ पासून या किड्याच्या मागे लागला, इंग्लंडमधल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सला पत्रांवर पत्रं लिहीत राहिला आणि निवडुंगाची बागच लावून बसला. किडा खरोखर आला १७९५ मध्ये. नीलसन नावाच्या कप्तानानं रिओ द जानेरोहून तो कलकत्त्याला आणला. उत्साहाला उधाण आलं, पण रंग काही नीट उतरेना. कारण आलेला किडा रंगाचा पाळीव किडा नव्हताच. त्याचा रानटी नातलग होता, आज ज्याला डॅक्टिलोपियस सायलोनिकस म्हणतात तो. बाहेरून दोघंही पांढऱ्या कापसात गुरफटलेले, ओळखू न येणारे.

रंगाच्या कामाचा नसला तरी या किड्याला भूक जबरदस्त होती. १८३०च्या दशकात तो दक्षिणेत नेला गेला आणि एका जातीचा निवडुंग त्यानं पार फस्त केला. सगळे निवडुंग मात्र एक नव्हते. दक्षिणेत माजलेल्या दुसऱ्या जातीला, ओपन्शिया डिलेनाय किंवा तिच्या जवळच्या भाईबंदाला, तो तोंडही लावत नव्हता. शेतकऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही काटेरी फड्याच. किड्याला मात्र फरक कळत होता. डिलेनायवर चालणारा डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा दुसरा किडा श्रीलंकेतून १९२६ मध्ये आणला गेला आणि मग काही वर्षांत दक्षिणेतली हजारो एकर जमीन मोकळी झाली. म्हणजे कलकत्त्यात किडा उतरल्यापासून सुमारे १३० वर्षं माणसांना दोन निवडुंग आणि दोन किडे नीट वेगळे करायला लागली. आज माळावर फड्या निवडुंग तुरळक दिसतो, त्याचं श्रेय या १९२६ च्या किड्याला जातं. ते द्यायला सहसा कुणाला आठवत नाही.

कपाशीच्या बाबतीत उलटं घडलं. तिथे शेतकऱ्यानं केलेली विभागणी शास्त्राला नंतर पटली. मराठवाड्यात देशी कपाशी म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम. नांदेडकडच्या गावरानीचं नाव तिच्या लांब धाग्यासाठी दूरवर होतं. अमेरिकन म्हणजे मेक्सिकोकडची गॉसिपियम हिर्सुटम. हे नाव लिनिअसनं १७६३ मध्ये दिलं. कंपनी सरकारनं १८४० मध्ये अमेरिकेतून कापसाचे जाणकार आणून धारवाडकडे तिची लागवड चालवली. देशी आणि अमेरिकन यांचा संकर मात्र धड जमत नसे. झालाच तर बी धरत नसे. का, ते १९२०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. देशीत गुणसूत्रं २६, अमेरिकनमध्ये ५२. बाजारात 'देशी' आणि 'अमेरिकन' असे जे दोन ढीग पूर्वापार वेगळे पडत होते, त्यांच्यामधली भिंत पेशीच्या आतपर्यंत गेलेली निघाली.

पुढे अमेरिकन कपाशीच्याच वाणांचे आपसांत संकर करून संकरित बियाणं आलं. १९७० मध्ये सुरतचं एच-४ आलं, नंतर नांदेडच्या संशोधन केंद्राचं एनएचएच-४४. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली, आणि मार्च २००२ मध्ये देशात पहिल्यांदा मंजूर झालेली बीटी कपाशी त्याच कंपनीची होती. देशी कपाशी त्या रेट्यात हटत हटत नांदेड-परभणीच्या संशोधन केंद्रांच्या वाफ्यांत आणि थोड्या शेतांत उरली. हे चांगलं झालं की वाईट, हा वेगळा लेख आहे.

आता गाजर गवत. हे आलं कुठून, असं मराठवाड्यात कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर. कुणी म्हणेल १९७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलो ज्वारीबरोबर. काँग्रेस गवत हे नाव त्याच रागातून पडलं असं सांगतात; चटकचांदणी हे नाव त्या मानानं फारच लाडिक. ही कथा लोकांच्या तोंडी इतकी बसली आहे की तिची तारखांशी गाठ घालून पाहायचं कुणाच्या मनात येत नाही.

पुण्यात १९५१ च्या सुमारास प्रा. परांजपे यांना उकिरड्यांवर हे रोप तुरळक दिसलं होतं. १९५५ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ पुण्यात सुरू झालं, आणि तिथल्या रोला शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतात नवी आढळलेली वनस्पती म्हणून त्याची नोंद छापली. दोन-तीन पानांचं टिपण. ज्या पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकन गहू यायचा तो १९५४ चा, आणि त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. कराराचा गहू बोटीत भरण्याआधीच गवत पुण्याच्या उकिरड्यावर हजर होतं. १९५१ मध्येही अमेरिकेनं कर्जाऊ गहू दिला होता, तेव्हा धान्यावरचा संशय पुरता काढून टाकता येत नाही. मात्र लोक सांगतात ती गोष्ट, त्या वर्षांसकट, टिकत नाही.

नंतर हर्बेरियम धुंडाळणाऱ्यांना आणखी मागचे दुवे मिळाले. हर्बेरियम म्हणजे वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेल्या रोपांचा संग्रह. कुठे, कधी, कुणी गोळा केलं ते कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत गाजर गवताचा एक नमुना निघाला, वनाधिकारी ब्रँडिस यांचा, १८८० चा. आणि त्याही आधी, १८१४ च्या 'होर्तुस बेंगालेन्सिस'मध्ये, कलकत्त्याच्या सरकारी बागेतल्या झाडांच्या यादीत हे नाव आहे. यादी रॉक्सबर्गची, ती छापली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीनं. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी शब्दकोश १८१० मध्ये छापणारा कॅरी तो हाच. आपल्या भाषेचा कोश करणाऱ्या माणसाच्या छापखान्यातून गाजर गवताचं नावही बाहेर पडलं, आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं ते कुणी वाचलं नाही.

बागेत लावलेलं ते रोप आणि पुण्याच्या उकिरड्यावरचं गवत यांचा थेट संबंध असेलच असं नाही. एखादी वनस्पती एका देशात अनेकदा येते, दोनदा मरते, तिसऱ्यांदा माजते. सांगायचं एवढंच, की ओळख पटवायला लागणारी सामग्री कलकत्त्यात आणि डेहराडूनला पडून होती, आणि ज्यांना तिची गरज होती त्यांच्या हाती कुकचा ग्रंथ होता, ज्यात हे नाव नव्हतं. मराठवाड्यात तर कुकही नव्हता.

पुढची कहाणी वेगानं सांगता येते, कारण गवतही त्याच वेगानं पसरलं. एका रोपाला हजारो बिया, आणि जनावर तोंड लावत नाही. पुण्यात अंगाला खाज सुटलेले, चेहरा-मान सुजलेले रोगी दवाखान्यात येऊ लागले, त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत १९७४ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. पार्थेनिन हे त्यातलं दाहक द्रव्य. तणाचा शत्रू त्याच्या मायदेशात शोधायचा ही निवडुंगाच्या वेळची युक्ती पुन्हा वापरली गेली. झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगेरा मेक्सिकोतून १९८३ मध्ये आणून पुढच्या वर्षी बंगळूरला सोडला. चारेक वर्षांत त्यानं तिथल्या गवताची चाळण केली.

आणि मग ओरड झाली, भुंगेरा सूर्यफूल खातोय! सूर्यफूलही अमेरिकेचं आणि गाजर गवताच्याच कुळातलं, नुसत्या कुळातलं नव्हे, अगदी जवळच्या शाखेतलं. १९९०च्या सुरुवातीला हे तेलबियांचं पीक मराठवाड्यात आणि कर्नाटकात जोरात होतं. भुंगेऱ्याचं काम थांबलं, सत्यशोधन समिती बसली. प्रयोगांत दिसलं ते असं. सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे पराग उडून बसले की भुंगेरा फसतो आणि ते पान कुरतडतो. पराग नसतील तर सूर्यफुलावर त्याचा निभाव लागत नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात किडा चुकीचा ओळखला गेला होता. इथे किडाच झाड ओळखायला चुकत होता. पावसाळ्यात भुंगेरा आजही मराठवाड्यात गाजर गवतावर दिसतो; तो गवत संपवत नाही, वाकवतो.

मराठवाड्याची स्वतःची किल्ली व्हायला १९९८ उजाडलं. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी आधी १९७९ मध्ये उस्मानाबादच्या वनस्पतींचा ग्रंथ केला होता. त्यांचं वर्गीकरणावरचं १९८४ चं पाठ्यपुस्तक देशभर वापरलं गेलं. १९९८ मध्ये आला 'फ्लोरा ऑफ मराठवाडा', दोन खंडांत. कुकनंतर नव्वद वर्षांनी, हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर पन्नास वर्षांनी. असं पुस्तक ग्रंथालयात बसून होत नाही. प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक हंगामात फिरायचं, कारण पावसाळ्यात आठ दिवस फुलणारं तण पुढच्या आठवड्यात दिसत नाही. फूल-फळासकट रोप उपटायचं, वर्तमानपत्रात दाबायचं, ओल लागून बुरशी येऊ नये म्हणून कागद रोज बदलायचे, चिठ्ठी लावायची. मराठवाड्यात जंगल थोडं, त्यामुळे हौशी संशोधकांची पावलं सह्याद्रीकडे वळतात. बांध, गायरान आणि उकिरडा तपासायला कोण येणार? पण अमेरिकेच्या वनस्पती राहतात त्या तिथेच. मला वाटतं या पुस्तकाचं मोल त्यात आहे, आणि महाराष्ट्रात त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

नावं त्यानंतरही स्थिर राहिलेली नाहीत. वेड्या बाभळीची प्रोसोपिस प्रजाती २०२२ मध्ये वर्गीकरणकारांनी फोडली आणि तिला नेल्टुमा जुलिफ्लोरा म्हणावं असं सुचवलं. आपली साधी बाभूळही अकेशिया राहिलेली नाही, ती आता वाचेलिया. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे गेलं. नाईक यांच्या पुस्तकात ही दोन्ही जुन्या नावांनीच सापडतील.

जाफराबाद, देऊळगाव राजा या पट्ट्यात आता शेडनेट उभी आहेत, संकरित मिरची आणि टोमॅटोचं बियाणं करायची. संध्याकाळी मादी ओळीतल्या कळ्या चिमट्यानं उघडून पुंकेसर काढायचे, सकाळी नर ओळीतला पराग त्यांवर लावायचा आणि कळीला दोरा बांधून खूण करायची. याला इथे क्रॉसिंग म्हणतात, आणि ते बहुतांशी बायकांच्या हातांनी होतं. कुठली ओळ नर आणि कुठली मादी, यात एका दिवसाची चूक झाली तरी पूर्ण प्लॉट बाद होतो. कंपनी जे आई-बापाचं बियाणं देते, त्याच्या पाकिटावर सहसा वाणाचं नाव नसतं, सांकेतिक आकडा असतो. नाईक यांच्या किल्लीनं मिरचीचं रोप कॅप्सिकम ॲन्युअमपर्यंत बिनचूक पोचवता येतं. त्यापुढचं नाव कंपनीच्या वहीत असतं.